सावडीचा डाव

वैनी,

रविवारी दुपारी दादाने दोनदा उठून दाराची कडी काढली. बाहेर कुणी नव्हतं. तिसऱ्या वेळी त्याला उमगलं, की आवाज दारावर नाही, टीव्हीशेजारी चार्जिंगला लावलेल्या तुमच्या मोबाईलमधून येतोय. फ्रेमसाठी तुमचा एखादा बरा फोटो शोधायचा म्हणून तुम्ही गेल्यावर त्याने तो पहिल्यांदाच चालू केला होता. ठक ठक ठक. कशाचा आवाज तो, तुम्हाला सांगायला नको. आपल्या डावात ज्याची पाळी आहे तो चालला नाही, की मोबाईल त्याचं दार वाजवतो. समोरच्याने हाताचं चित्र दाबलं तरी वाजतं. पण मी दाबलं नव्हतं. तो आपण होऊनच वाजत होता.

पाळी तुमची होती. तुम्ही गेलात तेव्हापासून तुमचीच होती.

मला हे इथे कोइमतूरला रोज दिसायचं. कारखान्यात चहाची सुट्टी झाली की सवयीने बोट तिकडंच जायचं. तोच पेटलेला डोंगर, त्याच दोन सोंगट्या, वर इंग्रजीत लिहिलेलं, की वैनीची वाट बघतोय. खाली दोन बटणं. एक, वैनीची जागा कॉम्प्युटरला द्या. दुसरं, डाव सोडून द्या. आणि एकही दाबलं नाही तर महिना भरला की डाव आपोआप पुसला जाणार, अशी बारीक अक्षरात धमकी. मला तिन्हीतलं काहीच नको होतं. विहिरीच्या मोटारी खोक्यात भरताना, वर पट्टी मारताना, डोक्यात तेवढंच. आज पुसला तर? जेवायच्या सुट्टीत बघतो तोवर गेलेला असला तर? मी मधेच खोकं खाली ठेवायचो आणि सुपरवायझर तमिळमध्ये काहीतरी बोलायचा.

घरातलं माणूस गेलंय आणि ह्याला मोबाईलमधल्या खेळाची पडली आहे, असं कुणीही म्हणेल. म्हणून कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो, कारण हा खेळ म्हणजे काय होतं ते आपल्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक नाही. आता एकट्या मलाच.

आठवीनंतर मी शाळेत जायचं बंद केलं तेव्हा सगळ्यांनी वेगवेगळी कारणं लावली. पोराला शेरडांचा नाद आहे, डोकं नाही, मास्तर मारतो. खरं कारण एवढंच होतं, की मला फळ्यापुढं उभं राहायची भीती वाटायची. खडू हातात आला की सगळा वर्ग माझी चूक व्हायची वाट बघतोय असं वाटायचं, आणि मग व्हायचीच. कबड्डीतसुद्धा तेच. मी बाद झालो की आमचा संघ माझ्याकडे असा बघायचा, की पुढच्या वेळी मी खेळायलाच जायचो नाही. दादाने दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं. तो स्वतः शिकला नव्हता, मी तरी शिकावं असं त्याच्या मनात होतं. मी गोठ्याच्या मागे शेरडांजवळ बसून राहायचो. जेवायला हाक मारली तरी आत यायला जड जायचं.

तुम्ही तेव्हा अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागल्या होतात. एक दिवस पदराखाली एक चपटं खोकं घेऊन आलात आणि गोठ्याच्या मागेच येऊन बसलात.

"भावजी, ह्ये बघा. शहरातून खेळणी आलती वाटायला. ह्ये मोठ्या पोरांचं हाय म्हनून बाई म्हनल्या, ने घरी."

"काय हाय?"

"मला काय ठाव. वाचा की."

"मला इंग्रजी येत न्हाई."

"मला तरी कुठं येतंय? दोघांचं मिळून येईल की थोडं."

पुठ्ठ्यावर डोंगर होता, पायथ्याला गाव, मधून नदी. डोंगराला आग लागलेली. आपण दोघांनी दोन सोंगट्या घ्यायच्या, नदीवरून कॅन भरायचा आणि आग गावापर्यंत पोचायच्या आत विझवायची. दर पाळीनंतर एक पत्ता उलटायचा, त्यावर आग आता कुठे पसरली ते असायचं. आपलं धारूरकडचं रान उन्हाळ्यात पेटतं तसंच. हे सगळं चित्रावरून कळलं, पण एक गोष्ट मला चार दिवस कळेना. एकमेकांना हरवायचं कसं? तुम्ही खोक्यावरचं चित्र खालीवर करून बघितलंत आणि म्हणालात, "मला वाटतंय, ह्यात एकमेकाला हरवायचंच न्हाई. जिंकलो तर दोघं, हरलो तर दोघं."

मला ते खोटं वाटलं. असा कुठं खेळ असतो?

पहिल्याच डावात मी सोंगटी भलतीकडे नेली आणि आग सरळ गावात शिरली. माझे कान गरम झाले. मी म्हणालो, "चुकलं माझं." तुम्ही पुढ्यातली तूर निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "तुमचं कसं? आपलं चुकलं. मांडा परत."

त्या एका शब्दाचं मी काय केलं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. रात्रभर तो मनात घोळवत पडलो होतो. आपलं. तोवर माझी चूक वाटून घ्यायला कुणी आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः होऊन घरात जेवायला आलो. तुम्ही वाढलंत आणि काहीच झालं नाही असं दाखवलंत.

नियमांच्या कागदाची मागची पानं मुळातच फाटलेली होती. अडलं की नियम आपल्यालाच करावा लागायचा. एकदा माझी सोंगटी आगीपासून लांब आणि तुमची अगदी जवळ, पण पाळी माझी. मी म्हणालो, आता काय, गेलं. तुम्ही म्हणालात, "कावून गेलं? सावड करू. ही पाळी तुमी मला द्या, म्होरली मी तुमाला दीन." शेतात करतात तसं. आज तुम्ही माझ्या रानात खुरपायला या, उद्या मी तुमच्या. त्या दिवसापासून आपल्या डावात सावड आली. पाळी द्यायची, पाळी फेडायची. तुम्ही कधी विसरल्या नाहीत. मी विसरलो तर आठवण करून द्यायचात, "भावजी, माझी एक पाळी तुमच्याकडं हाय बरं."

आणि तो पत्ता! काळ्या शेरडीच्या करडाने एक पत्ता चावून चावून गिळला, तुम्ही त्याच्या तोंडात हात घातलात तेव्हा नुसता ओला कोपरा हाती आला. त्यावर उत्तरेकडचा माथा होता. झालं. तेव्हापासून आपल्या डोंगराला उत्तरेकडून आगच लागेना. आपण तिकडे कधी फिरकलोच नाही. आग दाखवायच्या खुणा हरवल्या तिथे हरभऱ्याची डाळ आली, पाण्याच्या जागी तुमच्या पोलक्याची निळी बटणं. दादा बैलं बांधून यायचा आणि वरून बघत उभा राहायचा.

"दोघं मिळून कुनाला हरवायलाव बे? म्होरं तर कुनीच न्हाई."

"डोंगराला," तुम्ही म्हणायचात.

"डोंगर हरतो का कधी?"

"म्हनून तर रोज खेळावं लागतंय. बसा की तुमी बी. एक सोंगटी शिल्लक हाय."

"मला काय काम न्हाई व्हय?" असं म्हणून तो जायचा. पण लगेच जायचा नाही. आग कुठवर आली ते बघून जायचा.

केजच्या मोटारींच्या दुकानदाराच्या ओळखीने मी इकडे आलो, तो वर्ष दोन वर्षं काढून परत जाऊ म्हणून. आपल्या विहिरींवर बसतात त्याच मोटारी इथे बनतात, मी त्या खोक्यात भरतो. एखादं खोकं बीडकडे जाणारं असलं की पट्टी जरा जास्त मारतो. काम वाईट नाही. पण वैनी, इथे माझं नाव नीट कुणी घेत नाही. खोलीत आम्ही चौघं, चार मुलुखांचे. हिंदी मला येते तेवढीच त्यांना येते, तेवढ्यात जेवण, पाणी, पगार, झोप एवढंच बसतं. पहिल्या पहिल्यांदा संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन आपल्याशीच मराठी बोलायचो. मोठ्याने. शेरडांना हाका मारल्यासारखं. खालची बाई घाबरून वर बघायची, मग बंद केलं.

मग एक दिवस मोबाईलमध्ये काहीतरी शोधताना तो डोंगर दिसला. तेच चित्र, तोच रंग, पायथ्याचं तेच गाव. आपला पुठ्ठ्याचा डाव कुणीतरी मोबाईलमध्ये घातला होता. लांब लांब राहणारे दोघं आपापल्या वेळेला एकेक पाळी चालू शकतात, असं खाली लिहिलेलं. मला इतका आनंद झाला, की मी जेवण अर्धं टाकून तुम्हाला फोन केला. दिवाळीला आलो तेव्हा तुमच्या मोबाईलमध्ये तो घालून दिला. नाव विचारलं त्याने, मी "वैनी" असं टाकलं. काय चिडलात!

"सगळ्या दुनियेची वैनी केली व्हय मला?"

"दुनिया कुठं हाय त्यात? मी आन तुमी, दोघंच."

"आन त्ये मोबाईलवाले? त्ये बी मला वैनीच म्हनत आसतील."

म्हणायचेच. वैनीची पाळी. वैनी पाणी भरतेय. वैनी हरली. हरायचोच आपण. आधी कधी एवढं हरलो नव्हतो. मोबाईलला सावड माहीत नव्हती. माझी पाळी म्हणजे माझीच, तुम्हाला देता यायची नाही. चुकून बोट लागलं तर मागे घेता यायचं नाही. आणि उत्तरेकडचा माथा, जो करडाने गिळला होता, तो ह्याच्या गठ्ठ्यात साबूत होता. पहिल्यांदा तिकडून आग आली तेव्हा आपण दोघंही नदीच्या अलीकडे. तुमचा आवाज पाठवलेला मला अजून ऐकू येतो. "भावजी, ही कुठून आली वो? हिकडून तर आपल्याकडं कधी येत न्हाई!"

तिथून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते अजून मिटलं नाही. मी म्हणायचो, वैनी, खरा नियम हा आहे. आपण घरी खेळायचो ते चुकीचं होतं, म्हणून जिंकायचो. तुम्ही म्हणायचात, चूक मोबाईलची. "सावड न्हाई तर मंग दोघांनी खेळायचं कावून? आपापलं खेळावं." मी म्हणायचो, म्हणजे आपण आधी जिंकलो ते सगळं खोटं. त्यावर तुम्ही म्हणालात, "जिंकल्यावर च्या केलता का न्हाई मी? तुमी प्यालाव का न्हाई? मंग खोटं कसं?"

तरी खेळत राहिलात. मी सकाळी चहाच्या सुट्टीत चालायचो, तुम्ही अंगणवाडीतून आल्यावर. उशीर झाला की दार वाजवायचात. मी पॅकिंगच्या टेबलावर असताना खिशात ठक ठक व्हायचं आणि शेजारचा दचकायचा. मी वाजवलं की तुमचा लगेच आवाज यायचा, "आले आले!" जणू मी खरंच दारात उभा आहे आणि तुमचे हात पिठात आहेत. मागे कुकर, शेरडं, टीव्ही, दादाचं खोकलणं. चार शब्दांच्या निरोपात अख्खं घर यायचं. मी ते दोनदा तीनदा ऐकायचो. चाल कळली नाही म्हणून नव्हे.

दादाशीसुद्धा मी तुमच्यातूनच बोलायचो. "दादा काय म्हनतो?" असं विचारलं, की तुम्ही म्हणायचात, "इचारायलेत, तिकडं भाकर मिळती का." तो शेजारीच बसलेला असायचा, त्याचा आवाज मागे यायचा, तरी सांगायचात तुम्ही. मी म्हणायचो, "सांगा त्याला, भात खातो." तुम्ही सांगायचात. तो म्हणायचा, "वाळला आसंल." तेही तुम्हीच मला सांगायचात. आम्हा दोघांना तुम्ही मध्ये होतात म्हणून थेट बोलायची गरजच पडली नाही. तुम्ही नसलात तर काय बोलायचं, ह्याचा विचार आम्ही दोघांनीही केला नव्हता.

आता तो शेवटचा डाव. मोबाईलवर इतक्या जवळ आपण कधीच आलो नव्हतो. जवळजवळ सगळी आग विझलेली. एक ठिणगी गावाच्या शिवेवर, आणि बाकीची सगळी वर, उत्तरेच्या माथ्यावर, माझ्या सोंगटीच्या तीन बाजूंनी. माझा कॅन रिकामा. तुम्ही नदीवर, भरल्या कॅनसकट. पाळी तुमची. मी निरोप पाठवला, खाली जा, शिवेवरची विझवा, डाव आपला. माझी काळजी करू नका, गठ्ठ्यात उत्तरेचा एकच पत्ता आहे, तो लगेच निघायचा नाही.

तुमचा आवाज आला, "त्यो पत्ता ह्या मोबाईलमधी शेरडानं खाल्लेला न्हाई, भावजी. निघाला तर? तुमी तिथं वर एकटेच हाव."

मी म्हणालो, गावाचं बघा आधी. तुम्ही म्हणालात, गाव एक पाळी तगतंय, मी आधी वर येते. मी म्हणालो, मग हरू. तुम्ही म्हणालात, हरलो तर हरलो, पर वर मानूस सोडून जिंकायचं आन मंग च्या कुनासंगं प्यायचा? मी चिडलो. हिशेब दाखवला. शेवटी तुम्ही म्हणालात, "बरं, दम धरा. इचार करते. कुकर झाला की चालते."

त्यानंतर तुम्हाला ताप आला. आधी गावातल्या डॉक्टरला दाखवलं, मग अंबाजोगाईला नेलं. फोन आला तेव्हा मला पहिल्यांदा तो करडाने गिळलेला पत्ता आठवला. का, ते सांगता येत नाही.

मी गाड्या बदलत पोचलो तोवर सगळं उरकून अंगण झाडून झालं होतं. तुमच्या माहेरची, नांदूरघाटची माणसं एका बाजूला बसली होती, आपली भावकी एका बाजूला. दादा भिंतीला टेकून. मी त्याच्या शेजारी बसलो. दहाव्यापर्यंत तो माझ्याशी दोनच वाक्यं बोलला. "जेव." आणि निघायच्या दिवशी, "गाडी किती वाजता हाय?" मध्ये तुमची जागा रिकामी, आणि ती ओलांडून बोलायचं आम्हाला दोघांनाही जमेना. तुमचा मोबाईल बंद पडून टीव्हीशेजारी होता. मी त्याच्याकडे बघत होतो, दादा मी कुठे बघतोय ते बघत होता. माग, म्हणालो मी मनाला. मागितला नाही. बाईमाणसाचा मोबाईल, आणि मी दीर. भावकी बसलेली. आणि मागून सांगणार काय होतो, की वैनीची पाळी राहिली आहे?

तसाच परत आलो. दिवस सरत होते, बारीक अक्षरं तिथेच होती. एकदा कॉम्प्युटरच्या बटणावर बोट नेलं सुद्धा. म्हटलं, निदान पुसणार तरी नाही. पण वर नाव वैनीच राहणार आणि चालणार तो. जमलं नाही.

आणि मग रविवारी दादाचा फोन आला. त्याने आपण होऊन मला फोन केल्याचं मला आठवत नाही. नाव बघूनच मनात आलं, आता कोण गेलं?

"सुद्या, काय वाजायलंय बे हिच्या मोबाईलमधी? दार वाजल्यावानी. दोनदा कडी काढली म्या."

"त्यो डाव हाय दादा. वैनीची पाळी हाय म्हनून वाजायलाय."

तो काही विचारायच्या आत मी घाईघाईने म्हणालो, "ऱ्हाऊ दे. काय करायची गरज न्हाई. महिना झाला की आपोआप पुसतंय."

"पुसतंय? कावून?"

"कुनी चाललं न्हाई तर पुसतंय. न्हाईतर तिची जागा कॉम्प्युटरला द्या म्हनायलंय."

"त्येला कावून? त्यो काय भावकीतला हाय का?"

मला हसू आलं. किती दिवसांनी, वैनी.  दादा मग म्हणाला, "त्ये तुमचं काय व्हतं... सावडीचं. ती सांगायची मला. सावडच हाय ना ह्ये?"

"व्हय." मोबाईलवर सावड चालत नाही, हे सांगायचं मी टाळलं.

"मंग झालं तर. सावडीचं मानूस आलं न्हाई तर घरातलं दुसरं जातंय. रान तसंच टाकतेत का? सांग, कुठं दाबू."

तो तुमची पाळी चालणार होता. दादा. ज्याने एवढी वर्षं वरून नुसतं बघितलं. त्याला सगळं सांगितलं, तुमची सोंगटी निळी, नदीवर आहे, कॅन भरलेला. शिवेवर एक ठिणगी. वर तिन्ही बाजूंनी आग. तो हं हं करत होता. मग म्हणाला, "ती काय करनार व्हती?"

वैनी, आपलं भांडण कुणाच्या बाजूने मिटवायचं ते आता माझ्या हातात होतं. मी म्हणू शकलो असतो, खाली जाणार होती. हिशेबाने तेच बरोबर होतं, मला अजूनही तसंच वाटतं. पण तुम्ही विचार करते म्हणालात तेव्हाच मला माहीत होतं, तुम्ही कुकर उतरवून काय करणार होतात.

"माझ्याकडं येनार व्हती," मी म्हणालो.

"तू कुठं हायस?"

"वर. माथ्यावर."

"एकटाच?"

"व्हय."

 मागे शेरडं ओरडत होती, तीच, तुमच्या निरोपात ओरडायची ती. मग तो म्हणाला,

"येतो मंग."

त्याचं बोट जाड, आणि त्याला चष्मा लागलाय हे त्याने कुणाला सांगितलेलं नाही. सोंगटी सरळ वर यायच्या ऐवजी एक घर फिरून आली. येऊन माझ्या शेजारी उभी राहिली खरी, पण पाळीला मिळणारी मोजकी पावलं तिथेच संपली, पाणी ओतायला एकही उरलं नाही. मागे घेता येत नाही. पत्ता उलटला. उत्तरेचा नव्हता. खालचा निघाला. ठिणगी शिवेवरून पुढे सरकली, घरांना लागून.

"काय झालं?" दादाने विचारलं. "लाल झालं बे खाली. चुकलं का माझं?"

"आपलं चुकलं," मी म्हणालो.

 त्याने हा शब्द तुमच्या तोंडून किती वेळा ऐकला असेल, उभ्या उभ्या. मग खाकरला आणि म्हणाला, "गेला का डाव?"

"न्हाई. अजून हाय. आता माझी पाळी."

"मंग चाल की."

"दम धर. इचार करतो."

"कर. म्या शेरडं सोडून येतो तोवर."

फोन ठेवताना म्हणाला, "भाकर खातोस का न्हाई?" थेट मला. मी म्हणालो, भात खातो. "वाळला आसशील," म्हणाला.

तेव्हापासून मी विचार करतोय. शेजारी आलेल्या तुमच्या सोंगटीच्या कॅनमधलं अर्धं पाणी घेऊन दोघांभोवतीची आग विझवायची, आणि मग पुढच्या पाळीला दादाने धावत खाली जायचं. पत्ता नीट निघाला तर जमेल. नाही निघाला तर नाही. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला असं दुसऱ्याच्या पाळीवर भरवसा ठेवून चालणं अवघड जातं, ते तुम्हाला नवीन नाही. तुम्ही समोर असतात तर म्हणाल्या असतात, मांडू की परत.

तुमचे आभार मानायचे राहिले. आपल्यात वैनीला कुणी असं म्हणत नाही. म्हटलं असतं तर तुम्ही माझ्या कपाळाला हात लावून बघितला असतात. तुम्ही मला शिकवलं म्हणावं तर शिकवलं काहीच नाही, नुसतं शेजारी येऊन बसलात. गोठ्याच्या मागे. तेवढ्यावर मी इथवर आलो. आणि जाताना दादाला माझ्याकडे लावून गेलात, की हे आपलं असंच झालं, ते मला कळत नाही. सावड फेडायची तर आता कुणाची फेडायची, हेही कळत नाही. बहुतेक त्याचीच.

हे एवढं लिहीपर्यंत मोबाईल वाजला. ठक ठक ठक. पडद्यावर इंग्रजीत आलंय, वैनी दार वाजवतेय. हाताचं चित्र मी दादाला दाखवलं नव्हतं, त्याचं त्यानेच शोधलं. अंगठा त्याचा आहे, माहीत आहे मला. नाव तुमचं आहे. खोलीतला ओडिशाचा जोडीदार उठून दाराकडे निघाला, त्याला मी म्हणालो, बैठ, मेरे लिए है.

परत वाजतंय.

आलो, वैनी. आलो, आलो.